दहा एमएमची प्लेट

९ नोव्हेंबर, रविवार
आजही तेच. प्रार्थना चालू असताना कुणीतरी उशिरा आलं, चर्चचं गेट फरशीवर करकरलं आणि सगळ्या माना वळल्या त्या माझ्याकडे. उशिरा आलेल्याकडे कुणी बघत नाही. गेट मी केलंय ना! डेअरीच्या वर्कशॉपात तीस वर्षं वेल्डिंग केलं, निवृत्तीनंतर गावासाठी एक काम केलं, नेमकं तेच घासतंय. घरच्या अंगणात फरशीवर टाकून जोडलं होतं. अंगणाला पाणी जायला ढाळ आहे हे डोक्यातच आलं नाही. गेट पिळलेलं असणार. आता आधी जोडणीसाठी सपाट टेबल, मग नवं गेट. नाताळच्या आत.
बायकोला सांगितलं. म्हणाली, "टेबल हाय की घरात."

१२ नोव्हें., बुध.
संगमनेर. दुकानदाराला म्हटलं, वेल्डिंगच्या टेबलाला प्लेट हवी. त्याने उठावाची नक्षी असलेली काढली. "ही न्या, पाय घसरनार न्हाई." अरे बाबा, मी टेबलावर चालणार नाहीये! मग सहा एमएम दाखवली. दोनदा तापली की पापड. बारा एमएम उचलायला चार माणसं.
सोबत मेहुणा दिलीप. गवंडी माणूस, पण लोखंडातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. "बाराचीच घ्या दाजी. एकदाच काय ते."
हत्ती बांधायचाय का? रिकाम्या हाताने परत.

१५, शनि.
टेबलाच्या पायांसाठी दिलीप कुठलेतरी जुने पाण्याचे पाईप घेऊन आला. जस्त चढवलेले. वेल्डिंग केलं की पांढरा धूर, संध्याकाळी अंगात कणकण. नको म्हटलं तर गडी रुसला. बायको त्याच्याच बाजूने. "माज्या भावाचं तुमाला कायबी गोड लागत न्हाई."
पाईपात गोड काय आणि कडू काय...

१९, बुध.
मिळाली! भंगारवाल्याकडे, ढिगाच्या तळाशी. दहा एमएम. दिलीपची प्लास्टरची लांब पट्टी नेली होती (रुसलेला, पण पट्टी दिली). आडवी, उभी, तिरकी ठेवून पाहिली. खालून उजेडाची रेघही नाही. पायांना साधा अँगल घेतला. टेम्पोत प्लेटशेजारीच बसून आलो. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२१, शुक्र.
बायकोने प्लेटवर चादर अंथरून धुतलेले गहू वाळत घातले. "एवढी सपाट जागा दुसरी कुटं हाय?"
सपाट आहे म्हणूनच तर आणली ना बाई! गहू काढले तर खाली प्लेटला गंज. दुपारभर घासत बसलो. वर गव्हाला लोखंडाचा वास लागला म्हणून बोलणी मलाच.

२४, सोम.
लिहायलाही लाज वाटते.
प्लेट पालथी टाकून अँगलची चौकट जोडत होतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, मधे गार होऊ देत, जसं करायला हवं तसंच. दिलीप शेजारी उभा. "टाके काय घालताय दाजी, गोधडी शिवताय का?"
डोकं फिरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढलं. चारी बाजू. गार झाल्यावर उलटवून पट्टी ठेवली, तर मधे टेकून डुगडुगते. कडेला पट्टीखालून नाणं जातं. हाताखालच्या प्रत्येकाला तीस वर्षं एकच सांगत आलो की ओढू नका, टाके घाला.
तेवढ्यात टेबल बघायला चर्चचे पाळकसाहेब हजर. दिलीपने झटकन गव्हाची चादर वर टाकली. "रंग वला हाय साहेब, हात लावू नगा." कसला रंग!
नंतर तो याबद्दल कुणालाच बोलला नाही. मलाही नाही, बहिणीलाही नाही. चिथावलं यानेच, झाकलंही यानेच. चिडू की आभार मानू?

२८, शुक्र.
टेबलाचं होईल ते होईल, मापं तरी घेऊ म्हणून दिलीपचा ओळंबा मागून घेतला आणि एकटाच चर्चपाशी गेलो. गेटचे दोन्ही कर्ण दोरीने मोजले. सारखे. दोऱ्या आडव्या ताणून पाहिल्या. पीळ नाही. पुन्हा मोजलं. गेट सरळ आहे!
मग खांबांमधलं अंतर. वर दोन बोटं कमी. ओळंबा सोडला. बिजागरीचा खांब आत झुकलाय, म्हणून गेटाचं टोक खाली टेकतं.
खांब दिलीपने बांधलाय. फुकट, सेवा म्हणून, माझ्या गेटासारखाच.
दीड वर्ष लोक माझ्याकडे बघतायत. टेबलाचा सगळा खटाटोप वाया. घरी जाऊन पहिलं हेच सांगणार होतो, तेही ओरडून. आधी ओळंबा परत करायला त्याच्याकडे गेलो. त्याने चहा ठेवला.
"मिळाली का मापं?"
"मिळाली," म्हटलं. खांबाचं न काढताच चहा पिऊन उठलो. डोळ्यांसमोर ती गव्हाची चादर.

३० नोव्हें., रवि.
नाताळला पंचवीस दिवस. बायको विचारतेय, नवं गेट कधी? टेबल चादरीखालीच.
आज उपदेश रंगात आला आणि गेट करकरलं. सगळ्या माना माझ्याकडे. बायकोचीसुद्धा. मी दिलीपकडे पाहिलं.
तो माझ्याकडे बघत नव्हता. उघड्या दारातून खांबाकडे बघत होता.