सही झाल्यावर

आबा, तुमची पणती न्यायाधीश झाली. मी तिसरी शिकलेली बाई, मला त्यातलं काय कळतंय, पण सकाळपासून पेढ्यांचा डबा घेऊन अख्खी गल्ली पालथी घातली. एका घरी तर दोनदा गेले. त्या बाईनं दोन्ही वेळा पेढा घेतला, बोलली नाही काही. सांगलीची माणसं लय सोशिक. तर दुपारी ही माझी नात जवळ बसली, आणि मी तिला तुमचं विचारलं. विचारायला नको होतं.

लढाईचे दिवस होते, रॉकेल कार्डावर मिळायचं. रहिमतपूरच्या आपल्या रानात पाटाच्या पाण्यावरून तुमची आणि तुमच्या चुलतभावाची, तात्यांची, जुंपली. तुमच्या काठीनं त्यांचा हात मोडला. साताऱ्याच्या कोर्टानं दोन वर्षं दिली. वकील म्हणाले, वरच्या कोर्टात अपील करू. आई तुरुंगात तुम्हाला विचारायला येते, मी तिच्या पदराला धरून. तुम्ही गजाआडून म्हणता, "ज्यानं शिक्षा दिली त्याला डावलून वर जायाचं? त्यो आनिक चिडंल. आदी तात्याशी गोड करा, मग त्याला घिऊन त्याच सायबाकडं जावा."

आपल्या गावात तसंच होतं ना. पंचांनी दंड केला, की दोन्ही घरं एका पंगतीला जेवायची, नारळ घेऊन त्याच पंचांकडं जायची, आणि पंच दंड सोडायचे. पंचांच्या वर कोण जातंय? पण तात्या लवकर वळेनात. हात गळ्यात होता, कसे वळतील? सुगी झाली, तेव्हा कुठं आपल्याकडं जेवायला आले. मग आम्ही सगळी साताऱ्याला.

साहेब गोरा नव्हता, आपल्यातलाच, वयस्कर. तात्यांनी वाकडा हात पुढं केला. "आवं सायब, हात माजा मोडलाय. मीच म्हंतोय, सोडा त्येला."

साहेबानं नारळ घेतला नाही. म्हणाला, "बाई, निकालावर सही केली की मला लिहिण्यातली चूक तेवढी सुधारता येते. शिक्षा नाही. वर का गेला नाहीत?" बाजूचा कारकून म्हणाला, मुदत कधीच संपली.

आई म्हणाली, "तुमीच दिलीया न्हवं? मग तुमालाच काढता येत न्हाई व्हय?"

त्यानं पुढच्या खटल्याचे कागद ओढले. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तापानं तुरुंगातच गेलात. तात्यांनी त्याच हातानं खांदा दिला.

नात म्हणते, आज्जी, कायदा आजही तोच आहे. मलाही सही केल्यावर शिक्षेला हात लावता येणार नाही. नाहीतर रोज कुणीतरी वजनदार माणूस न्यायाधीशाच्या दारात बसेल. पटलं मला. मग हळूच म्हणाली, वेळेत वर गेला असता आणि तात्या तिथं हेच बोलले असते, तर बहुतेक सुटले असते पणजोबा. तिला वाटलं, मला बरं वाटेल.

हे कागद टाकायला तुमचा पत्ता नाही, उद्या बंबात जातील. म्हणून लिहिते. आईनं मरेपर्यंत त्या साहेबाला शिव्या घातल्या, आणि मी मान डोलवत आले. पण माझा राग त्याच्यावर कधीच नव्हता, आबा. तुमच्यावर होता. अजून हाय.