नुसतं तेल पुरणार नाही

चि. धाकट्या,

तुम्हां दोघांना ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. मी सांभाळते त्या आजीबाई सकाळपासून तीनदा रुसल्या, म्हणजे त्याही ठणठणीत.

फोनवर आई शेजारीच कान देऊन असते, म्हणून लिहिते. कातडीला तेल कमी पडलं तर ती खरखरीत होते, कोंडा सुटतो. अंघोळीनंतर ओलसर अंगावर तेल लावलं की भागतं. पण तू म्हणालास, तेल चोळूनही आईची कातडी मलूलच, ओठ सुकलेले, लघवी पिवळीजर्द. हे अंगातलं पाणी कमी झाल्याचं लक्षण. शुश्रूषेच्या पुस्तकात मी हे उशिरा वाचलं. हे गेले त्या आठवड्यात मीही तेलच चोळत बसले होते.

आई पाणी का टाळते, ठाऊक आहे? संडासला न्यायला सुनेला उठवावं लागतं म्हणून. विचारलंस तर म्हणेल, "प्यायले की रे तांब्याभर!" विश्वास ठेवू नकोस. समोर बसून घोट घोट पाज, आणि पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. ती गुंगीत तर नसते ना?

तिला सांग, ह्यांना उठवून संडासला नेताना मी कधी थकले नाही. थकले, ती उठवायला कुणी उरलं नाही तेव्हा.

वाट पाहणारी,
तुझी ताई