चार तासांची पट्टी

३ मार्च
ती. आईस, लेकीचा सा. न.

तुझी गुडघेदुखी नि शिवणकाम, दोन्ही जोरात असतील. तुझ्या नातीला, ठकीला, अकरावं लागलं. नाक तुझं, हट्टही तुझाच.

काल तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डावा डोळा आता सुधारणार नाही म्हणाले. चष्म्याने नाही, ऑपरेशनने नाही. लहानपणी चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावली होती का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, तेव्हा ती दोन वर्षं आईकडे होती, आणि माझी आई एक टाकाही चुकवत नाही.

जिवाला जप.
तुझी, ताई

९ मार्च
चि. ताईस, आईचे अ. उ. आ.

पट्टी मी काढत होते. ती लावली की पोर दाराला धडकायची, माझा पदर चाचपायची, आजी दिसत नाही म्हणून रडायची. तुझ्या बाबांना जाऊन चारच महिने झाले होते. घरात आणखी रडणं मला सोसवेना. दहा मिनिटांत पट्टी निघायची. तपासणीला मात्र सांगायचे, रोज लावते. वाटायचं, डोळा कुठे पळून जातोय? मोठी झाली की शिकेल.

परवा वाचनालयातून पुस्तक आणलं. पाहायला डोळा नाही, मेंदू शिकतो, आणि तोही कोवळ्या वयातच. जो डोळा कामाला लावला नाही, त्याची मेंदूतली जागा दुसरा बळकावतो. तेव्हाच्या डॉक्टरांनी हेच सोपं करून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
आई

१७ मार्च
ती. आईस,

आठवडाभर रागात होते. अजूनही आहे. पण माझंही लिहायला हवं. मी दर रविवारी यायचे, तेव्हा पट्ट्यांचं पाकीट तुझ्या मशीनच्या खणात भरलेलंच असायचं. दुसरं आण, असं तू कधी म्हणाली नाहीस. काय ते कळायचं, तरी मी खण लोटून बंद करायचे. माझ्या एका दिवसात तरी पोरीने हसावं, एवढंच मला हवं होतं. डॉक्टरांपुढे तुझं नाव पुढे केलं ते म्हणूनच.

ठकीला काल दोघींचंही सांगितलं. तिने उजवा डोळा तळहाताने झाकला नि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, आजपासून रोज चार तास लावली तर? रडणार नाही म्हणाली.

मी म्हटलं, आजीला विचारते. पुस्तक तू वाचलंयस. तूच तिला लिही.
तुझी, ताई