मखमलीतला खळगा

२० फेब्रुवारी

आले बाई एकदाची एस्पान्योलाला, सासरी! आल्बुकर्कीच्या त्या कोंदट खोल्या सुटल्या. एलोयनं माझं शिवणयंत्र स्वतः उचलून सासूबाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी मांडलं आणि म्हणाला, राणीसरकार, हे तुमचं सिंहासन. लग्नाला चारच महिने झालेत, त्यामुळे असले लाड अजून चालू आहेत. सासूबाईंनी लाल मिरचीचा रस्सा असा झणझणीत केला होता की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हणाल्या, शहरातल्या पोरींना मेलं अळणीच लागतं. मी मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हार कोण मानतंय!

जेवणानंतर गॅरेजमध्ये जाऊन गाडी पाहिली. चौसष्ट सालची, लांबलचक, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली. माझ्या धाकट्या दिराची, नेस्तोरची. गेल्या ईस्टरला गाड्यांच्या मिरवणुकीत तो सिग्नलला थांबला आणि थांबलेलाच राहिला. हृदय बंद पडलं. तो नेहमीच डावीकडे कलंडून, एका हातानं स्टिअरिंग धरून बसायचा, म्हणून मागच्यांना वाटलं ऐट मारतोय. बिचारे हॉर्न वाजवत बसले. मी काही त्याला पाहिलेलं नाही, माझी या घराशी ओळखच त्यानंतरची.

गाडीला ओरखडासुद्धा नाही, पण सजावट अर्धवट राहिली. ती पुरी करून, डिकीवर त्याचं चित्र काढून, या ईस्टरला त्याच्या नावानं फिरवायची. इथे माणूस गेला की त्याच्या गाडीचं असंच करतात. कारागीर लावायचा नाही. सुतारकाम आणि रंग एलोयकडे, आतलं शिवण माझ्याकडे. मला तर जाम हुरूप आलाय.

२७ फेब्रुवारी

हात भरून आलेत, पण मजा येतेय. एलोय दारांच्या आतल्या फळ्या कापतो, मी त्यांवर स्पंज आणि मखमल चढवते. मखमल डाळिंबी, लोण्यासारखी. सुरकुती पडली की किटलीची वाफ द्यायची आणि हातानं ताणायची. एलोय करवत घेऊन बसला की माझा जीव वर-खाली होतो. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट एका पेरानं आखूड आहे, लहानपणी करवतीनंच गेलं. मी ओरडले, उरलेली तरी सांभाळ रे बाबा! तो म्हणाला, तुला गुदगुल्या करायला एवढी पुरतात.

आज पुढची सीट उसवली. ड्रायव्हरच्या जागी आत जुना कापूस, बसून बसून पार भाकरी झालेला. टाकायला निघाले तर सासूबाईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, त्याच्या अंगाखालचा आहे, तोच घालायचा. मला काय, मी गादीवाल्याची नात. जुना कापूस नीट पिंजला तर नव्याला हार जात नाही. मी पिंजला. सासूबाईंनी त्यात चिमायोच्या देवळातली पवित्र माती चिमूटभर टाकली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. वरून मखमल ओढली, प्रत्येक चौकडीत एकेक बटण घेतलं, दोरा आरपार काढून मागून गच्च गाठ मारली. काम देखणं झालंय, माझं मीच म्हणते!

५ मार्च

चित्रकार फाकुंदो आला होता, सासूबाईंचा मावसभाऊ. सीटवर हात फिरवून म्हणाला, पोरी, ही सीट नव्हे, बिछाना आहे, यातून उठवणार कोण? डिकीवर त्यानं गुलाब आखले, ढग आखले आणि एका बाजूला चेहऱ्याची जागा. शेजारी दुसऱ्या चेहऱ्याएवढी जागा कोरी ठेवली. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, जोडीला कुणीतरी लागेलच की. मनात म्हटलं, म्हातारी पक्की, स्वतःची जागा आधीच धरून ठेवतेय.

९ मार्च

सकाळी ड्रायव्हरच्या जागी खळगा पडलेला. मी एलोयला फैलावर घेतलं, रंगाचे हात घेऊन बसलासच कसा! त्यानं शपथ घेतली की बसलोच नाही. दोरे पुन्हा ओढले, आत आणखी भर घातली. दुपारी पाहते तर पुन्हा खळगा. जरा डावीकडे कललेला.

१४ मार्च

एलोय हल्ली सीट बघायला म्हणून बसतो आणि उठतच नाही. जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागतात. आज आला तो दातांतून शीळ घालत. कॉफीत साखर घेतली, चमच्यावर चमचे. हा माणूस साखरेला शिवत नाही! सासूबाई तोंडावर पदर धरावा तसा ॲप्रन धरून रडायला लागल्या, म्हणाल्या, अगदी माझ्या नेस्तोरसारखा, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या आनंदानं रडताहेत. मी एलोयला म्हटलं, गेलेल्या भावाची नक्कल बरी नव्हे. तो म्हणाला, कसली नक्कल?

२१ मार्च

जेवताना एलोय मला म्हणाला, वहिनी, जरा मीठ द्या.

मी खो-खो हसले, फडकं फेकून मारलं. तो हसला नाही. आपण काय बोललो हे उशिरानं कळल्यासारखा पांढरा पडला.

नंतर खोलीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. म्हणाला, देल्फा, तिथे बसलं की खालून कुणीतरी मला जागा करून देतं. फार मऊ लागतं गं. उठावंसंच वाटत नाही. मला बसू देऊ नकोस. मी वचन दिलं. नवऱ्याला एका खुर्चीपासून लांब ठेवायचं, एवढंही जमणार नाही का मला?

२४ मार्च

आज सीट फाडली. माझ्या हातची बटणं माझ्याच हातानं तोडली. कापूस अंगणात नेऊन जाळला, त्या जागी नवा कोरा स्पंज घालून मखमल पुन्हा शिवली. सासूबाई दारात उभ्या राहून पोळीचं पीठ थापत होत्या. अडवलं नाही. म्हणाल्या, जाळ हो, धूर घरातच यायचा. मग आज ऊन बरं पडलंय म्हणावं अशा सुरात म्हणाल्या, थोरला माझा कष्टाळू गं, पण जीव माझा धाकट्यात.

२५ मार्च

नव्या स्पंजात खळगा. खळग्यात एलोय, डावीकडे कलंडलेला. मी दंडाला धरून ओढलं. त्यानं हळूच माझे हात सोडवले. म्हणाला, वहिनी, असं बरं दिसत नाही.

१ एप्रिल

तो बाहेरच्या खोलीत झोपतो. विचारलं तर म्हणतो, दिरानं वहिनीच्या खोलीत यायचं का, लोक शेण घालतील तोंडात. अहो-जाहो करतो. मी त्याला गदागदा हलवलं. तू एलोय आहेस, माझा नवरा आहेस! त्यानं मान खाली घातली. म्हणाला, दादा गेल्यापासून तुमचं असंच चाललंय.

दादा गेल्यापासून. देवा, हे काय बोलला तो!

४ एप्रिल

सकाळी तो संत्रं सोलत होता. मी बोटं बघत बसले. पहिलं बोट पुरं आहे. नखासकट.

ताट तसंच टाकून उठले.

७ एप्रिल

पाद्रीबाबांना बोलावलं. वाटलं, त्यांनीच आमचं लग्न लावलंय, ते तरी ओळखतील. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कसा आहेस नेस्तोर, म्हणाले. मला म्हणाले, काळ हेच औषध. आमच्या लग्नाच्या फोटोला सासूबाईंनी काळी फीत लावली आहे. मी काढली. परत लावली. पुन्हा काढली — परत —

सासूबाई आधी मला सूनबाई म्हणायच्या. आता नुसतं बिचारी म्हणतात.

११ एप्रिल

डिकीवरची चादर काढली. गुलाब, ढग. एका बाजूला माझा एलोय. तोच, एका गालावर खळी असलेला. मी किंचाळले. फाकुंदोनं माझा हात हातात घेतला. म्हणाला, मला दिलेल्या फोटोवरून काढलं पोरी, सोन्यासारखा माणूस होता. शेजारची जागा अजून कोरीच —

१२ एप्रिल, ईस्टर

मिरवणूक. तो शीळ घालत चालवत होता. मला मागच्या सीटवर बसवलं. रस्त्याच्या दोन्ही कडेनं लोकांनी टोप्या काढल्या. बायका खिडकीशी येऊन सांत्वन करून गेल्या. सगळ्यांना आठवतंय की गेल्या ईस्टरला एलोय गेला. सगळ्यांना. फक्त मलाच —

सिग्नलला गाडी थांबली. शीळ थांबली. आणि त्याच्या सीटमधून, खालून, हाक —

देल्फा.

या घरात मला नावानं हाक मारणारा तो एकटाच होता.

१३ एप्रिल

घरात कुणी नाही. कात्री घेऊन गाडीत बसलेय. वही मांडीवर. हे कुणीतरी वाचावं, म्हणून —

बटणं तोडली. मखमल फाडली. हा नवा स्पंज नाही. तोच जुना कापूस. जाळलेला. गरम आहे.

त्याला वर काढायचं. एवढंच. मग आल्बुकर्की. कोंदट खोल्या चालतील. काहीही चालेल.

उजवा हात आत घातलाय. डाव्यानं लिहितेय. कोपरापर्यंत गेला, तळ लागत नाही —

सापडला! हात सापडला. बोटं चाचपली. पहिलं बोट आखूड. माझाच तो, माझा एलोय! घट्ट धरलंय त्यानं. रडतेय मी. ये रे, ये —

ओढतेय. येत नाही. तोही ओढतोय, पण —

फाकुंदोची गाडी अंगणात आली. सासूबाईही उतरल्या, त्याला सांगताहेत, रंग कालव, आज शेजारची कोरी जागा —

एलोय, सोड. अरे वर ये, मला खाली नको — ऐक ना — खांद्यापर्यंत — किती मऊ —