मुंडीचं तोंड कुणाकडे

१२ ऑक्टोबर, तराझ

जेवणाची सगळी व्यवस्था माझ्याकडे! परवा संध्याकाळी पाच देशांचे उपमंत्री येताहेत. कराराचा गाभा एवढाच — आपले रस्ते, आपली मालवाहतूक आपण पाच शेजाऱ्यांनी ठरवायची, मॉस्कोला न विचारता. मॉस्कोचा एक जण येतोय, पण नुसता बघायला. सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

गावी बाबांना सांगितलं. काय खूश झाले! "मेंढ्याची मुंडी सगळ्यांत वडील पाहुण्यापुढे. तोंड त्याच्याकडे. आणि तू सुरी लावू नकोस हो, बाप जिवंत आहे तुझा!" बाप असताना मुलाने मुंडी कापायची नसते, जसं काही मला माहीतच नाही. चाळिशी उलटली माझी.

१३ ऑक्टोबर

सगळ्यांत वडील पाहुणे ठरले. किर्गिझांचे तोक्तोरबाय आबा, चौऱ्याहत्तर. मॉस्कोचा गेन्नादी तर माझ्याहून लहान. प्रश्नच नाही.

१४ ऑक्टोबर

लाज वाटते. आज लिहवत नाही.

१५ ऑक्टोबर

लिहितोच.

मुंडीची परात घेऊन आत शिरलो, तेवढ्यात आमचे उपमंत्री दानाबेक साहेब कानाशी लागले — "गेन्नादीकडे फिरव. उगाच रुसायला नको." मी फिरवली! त्याने मागितलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. तीस वर्षं झाली मॉस्कोपासून वेगळं घर मांडून, आणि अजून आम्ही न सांगताच उठून उभे राहतो.

गेन्नादी बिचारा गडबडला. "हे मला? ह्याचं करायचं काय?" सगळे बघताहेत, टीव्हीवाले बघताहेत. साहेबांनी सुरी माझ्या हातात कोंबली. मी कापलं. एक कान त्याच्या ताटलीत ठेवला.

आबा हसले. "कान बरोबर जागी गेला. आमच्याकडेही लहान पोरांनाच देतात." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने — "पोरा, वडील कधी गेले तुझे? आम्हाला कळवलंही नाहीस."

"आहेत," म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी आबा सही न करता गाडीत बसले. "तुमच्या घरात मोठं कोण, ते आधी ठरवा. मग बोलवा." त्यांच्यामागून बाकीचेही पांगले. साहेब म्हणाले, कलमांवरून फिसकटलं असं लिही. तेही लिहिलं. नाही म्हणायला जीभच नाही मला!

१७ ऑक्टोबर

बाबा फोन उचलत नाहीत. बायको, मरझान, म्हणते, "बातम्यांत दाखवलं ना. सुरी तुमच्याच हातात होती." तिच्याकडे मान वर करून बघवेना.

२१ ऑक्टोबर, गावी

बाबांनी माझ्यासाठी मेंढा कापला. वाटलं, सुटलो, माफ केलं! मुंडी त्यांनी स्वतः आणली. तोंड माझ्याकडे करून ठेवली, सुरी दिली, आणि आपली जागा सोडून दाराशी जाऊन बसले.

"काप," म्हणाले. "टीव्हीवर कळलं मला, मी आता नाही म्हणून."