नव्या दातांसाठी फल्लीदाणे

७ नोव्हेंबर १९८१, शनिवार. एकोडी.
आंबागडहून रुखमाचं पत्र. भाऊबीजेला माहेरी गेलेली बायको अजून तिकडेच. लिहिते, ज्याले माझ्या चिवड्यात खोट दिसते त्यानं सोता चुलीजवळ बसून पाहावं, मंग यायचं का नाही ते पाहू. पाहुण्यांसमोर मी एवढंच म्हणालो होतो की मीठ कमी आहे आणि चुलीपुढे बसायला अक्कल लागत नाही. सायन्स टीचर आहे. खरं बोलायची सवय.
शेवटी एक ओळ: बाबाले नवे दात बसवले, पाच वर्षांनी कडक खाऊन राहिले, दिवसभर मसाल्याचे फल्लीदाणे मांगते.
हा उघड इशारा. पुढच्या रविवारी सासऱ्यांना स्वतः केलेले मसाला शेंगदाणे द्यायचे, बायकोला घेऊन यायचं. प्लॅन पक्का. रविवारी येतो, एवढंच उलट पत्र टाकलं.

९ नोव्हेंबर, सकाळी ६.
संकल्प: रोज एक तास चूल. नदीवरून टोपलंभर रेती आणली. शेजारच्या कुंताबाईंनी विचारलं, गुरुजी, तुमची चूल आज काहून पेटली? सांगितलं. म्हणाल्या, पयले रेतीत भाजा, मंग चाळा, मंग तेल-मसाला लावा. आभार मानले. बिचाऱ्यांना अनुभव आहे, शास्त्र नाही.

सकाळी ६.४०.
पहिला घाणा जळला. वरची नोंद लांबली, दुसरं काही नाही.

११ नोव्हेंबर.
शोध लागला! मसाला आधीच लावायचा. भाजल्यावर दाण्याची छिद्रं बंद, मग मसाला मुरणार कुठून? तेल, तिखट, मीठ आणि चिकटपणासाठी गूळ. तीन तास मुरवून गरम रेतीत. प्रत्येक दाण्यावर जाड, खरखरीत कवच आलं. कुंताबाईंच्या दाण्यांवर असं कधी येत नाही.

१२ नोव्हेंबर.
एक चाखला. आवाज उत्तम. मागची दाढ दुखते आहे, पण ती जुनीच आहे. आता चाखणं बंद. भेटीची वस्तू उष्टी करू नये.
कुंताबाईंनी दोन तोंडात टाकले, कुंपणापाशी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, गुरुजी, रिकाम्या हातानं जा, पन जा. माझ्यावर जळतात लोक.

१४ नोव्हेंबर.
बिस्किटांचा डबा घासला, भरला, लाल कापडात बांधला. वर चिठ्ठी: स्वहस्ते.
खरं लिहितो, रुखमाशिवाय करमत नाही. तिला सांगायची गरज नाही. डबा सांगेल.

१५ नोव्हेंबर, रविवार. आंबागड, दुपारी १.
पोचलो. सासूबाई पाय धुवायला पाणी देताना हळूच म्हणाल्या, जवाईबापू, रुखमानं पहाटेच पेटी भरून ठेवली, तुमची वाट पाहून राहिली. बघा. डबा उघडायच्या आधीच परिणाम.

१.२०.
जवायानं स्वतः केलेले म्हणून मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मूठभर एकदम तोंडात टाकले. कडकन वाजलं. खालच्या कवळीचे दोन तुकडे. जवायाचा मान राखून त्यांनी दोन्ही तुकडे धोतराच्या सोग्यात बांधले.

१.३०.
रुखमानं चार दाणे पाण्यात टाकले. गूळ विरघळला, तळाला रेती बसली. आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसली. मग म्हणाली, आता नवे दात येईपर्यंत बाबाले पेज कोन देईल? माय एकटी कायकाय करील? तुमी जा, चूल तर तुमाले येतेच.
पेटी उघडून लुगडी पुन्हा खुंटीवर टांगली. मी पाहत होतो.

संध्याकाळी ५. एस.टी.त.
शेजारच्या सीटवर डबा. कोणी ठेवून घेतला नाही.
निघताना रुखमानं कागदाची पुडी हातात दिली होती. भूक लागली म्हणून सोडली. चिवडा, तिच्या हातचा.
मीठ बरोबर आहे.