लोखंड पोटाशी

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
दादाचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुरुंगात येणारं टपाल आधी कारकून वाचतो, मग आमच्या हाती देतो, त्यामुळे तुझे बीम-कॉलम त्यालाही पाठ झालेत. भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, तिथून पायात आणि पायातून जमिनीत, हे त्याने मला चालता चालता म्हणून दाखवलं. अभ्यास तू करतेस आणि परीक्षेत पास तो होणार, असं दिसतंय.

काल नळावर रांगेवरून जुंपली. एकाने दुसऱ्याचं तोंड तोटीवर आपटलं, दात तिथेच सांडले. मी सोडवायला गेलो तर माझ्या बरगडीत लाथ बसली, मग मीही लाथ घालणाऱ्याला सोडलं नाही. तो आता दवाखान्यात आहे. आईला यातलं काही कळवू नकोस.

हे पत्र सुटणाऱ्या सोबत्याच्या हाती देतोय, म्हणून मोकळं लिहितो. एप्रिलात मी सुटतो. सुटलो की घरी येण्याआधी ठेकेदाराकडे जाणार. बाबा गेले त्याच इमारतीत तो अजून तळमजल्यावर राहतो, हे मला माहीत आहे. तेव्हा त्याचा एक गुडघा फोडला आणि लोकांनी माझ्या हातातली पहार हिसकली, म्हणून वाचला. काँक्रीट कच्चं असताना, मालकाच्या घाईपायी, त्याने टेकू ओढला आणि बाबा सज्ज्याखाली चिरडले. काम अर्धवट टाकायची सवय आपल्या घराण्यात नाही.

अभ्यास सोडू नकोस. माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझा
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि. कारकूनसाहेबांनाही नमस्कार, आणि परीक्षेसाठी शुभेच्छा.

तू लिहिलेल्या त्या ‘कामा’बद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच म्हणते, की ते पुरं केलंस तर पुन्हा आत जाशील आणि मग बाहेर येणं नाही. बाबा गेल्यावर आईने अंथरूण धरलं होतं. तू गेलास तर ती उठायची नाही. मला फार भीती वाटते रे.

इथे प्रयोगशाळेत आम्ही रोज काहीतरी मोडतो. आमच्या बाई काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालतात आणि ते फुटेपर्यंत दाबतात. परवा एक ठोकळा असा फुटला, की कपची उडून शेजारणीची भुवई फाटली. बाईंनी तिला रुमाल बांधता बांधता विचारलं, की चष्मा काय खिशात घालायला दिलाय का?

बीमचा तास होता तेव्हा मी बाबांचा मंत्र वर्गात मिरवला, लोखंड पोटाशी. भार आला की बीम खालच्या अंगाने फाटतं, म्हणून सळ्या तळाशी. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, घरचंच आहे. आता पुढचा नमुना करायचाय. त्याचं एक टोक भिंतीत असतं आणि दुसरं अधांतरी. सळ्या बांधून मी तो ओतूनही टाकलाय. सगळ्यांच्या आधी.

राग आवर. बारकीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी
बारकी

१ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

आई भेटीला येऊन गेली. वाळली आहे. तिच्याकडून कळलं, की त्या इमारतीच्या मागच्या सज्ज्याखालचे टेकू ठेकेदाराने आजवर काढलेलेच नाहीत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पुढच्या सज्ज्याने बाप मारला, आता मागच्याला हात लावायची छाती होत नाही त्याची.

तू लहान होतीस, तुला आपल्या स्लॅब ओतणाऱ्या टोळीची रीत आठवत असेल-नसेल. ज्याने ओतलं, त्याने शेवटचा टेकू निघताना खाली उभं राहायचं. बाकीच्यांचा धीर वाढावा म्हणून. बाबा हसत उभे राहिले. ठेकेदाराने टेकू ओढला आणि आख्खा सज्जा भिंतीपासून तुटून त्यांच्यावर बसला. मी हातांनी उपसत होतो. बाबांचा हात हाती लागला, पण तो ओढायला मागे काही शाबूत राहिलं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, म्हणजे मला आवरायला सांगणार नाहीस.

तुझ्या नमुन्याचं काय झालं ते कळव. लोभ आहेच.

दादा

१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

नमुना मोडला.

बाईंनी एकेकाचं एक टोक चिमट्यात आवळलं आणि दुसऱ्या टोकाला वजनं लटकवली. बाकीच्यांचे वाकले, तडकले, पण लोंबत राहिले. माझा पहिल्याच वजनाला काडकन तुटला. तुकडा पायावर आला, अंगठ्याचं नख उपटून गेलं. रक्त बघून मुली किंचाळल्या. मी त्या तुटलेल्या तोंडाकडे बघत बसले होते. सळ्या सगळ्या तळाशी होत्या. फाटलं होतं वरून, आणि वर धरून ठेवायला काहीच नव्हतं.

दादा, दोन्हीकडे टेकलेलं असतं त्याचं पोट फाटतं. एकीकडूनच धरलेलं असतं त्याची पाठ फाटते. तिथे लोखंड पाठीत लागतं. बाबांनी जन्मभर दोन भिंतींवरचे स्लॅब ओतले. सज्जे त्या इमारतीचे पहिलेच. मी डबा द्यायला आले होते तेव्हा ते सळ्या बांधत होते. मला जवळ बोलावून दाखवलं, की बघ बारके, लोखंड पोटाशी. मी डोळ्यांनी बघितलंय. त्या सळ्या तळाशीच होत्या.

टेकू आणखी महिन्याने काढला असता, तरी तो सज्जा पडलाच असता. ठेकेदाराने बाबांना मारलेलं नाही.

हे लिहिताना मी दोनदा कागद फाडला. माझाही बाबांवर तुझ्याइतकाच जीव होता. माझ्यावर रागव, पण माझं ऐक.

बारकी

२० मार्च

बारकीस,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही. चार बुकं वाचलीस आणि मेलेल्या बापाच्या माथी खापर फोडलंस? समोर असतीस तर थोबाडीत दिली असती. तुझं पत्र देताना कारकुनाने मान खाली घातली, ते मला सहन झालं नाही. मी त्याची खुर्ची उचलून भिंतीवर फोडली. पहारेकऱ्यांनी मला पाडून बदडलं. डावा डोळा उघडत नाही, एका डोळ्याने लिहितोय.

बाबांचं लोखंड चुकलं होतं ना? मग मागचा सज्जाही त्यांनीच ओतलाय. तो का उभा आहे? दे उत्तर.

दादा

२८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. डोळ्याला थंड पाण्याची पट्टी ठेव.

उत्तर तूच लिहिलं होतंस. त्याच्याखालचे टेकू अजून आहेत.

कारकूनसाहेब वाचतील तर वाचू देत. सुटलास की तिकडे जाणारच आहेस, तर त्याच्या दारात जाण्याआधी मागच्या बाजूला जा. पहारीच्या आधी छिन्नी चालव. वरून, भिंतीलगत फोड. सळई लागली तर मी खोटी, मग मी तुझ्या आड येणार नाही. नाही लागली तर आईची शपथ आहे, पहार खाली ठेव. आणि काही झालं तरी टेकूला धक्का लावू नकोस. तू बाबांना उपसलंस, तुला उपसायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

थोबाडीत उधार राहिली. लोभ मात्र उधार ठेवू नकोस.

तुझी
बारकी

१९ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेलेही यातच धर.

सुटलो आणि सरळ तिकडेच गेलो. पहार आणि छिन्नी-हातोडा वाटेत एका ओळखीच्या गवंड्याकडून घेतले. मागच्या सज्ज्यावर चढलो, भिंतीलगत फोडायला लागलो. चार बोटं खोल गेलो, लोखंड नाही. सरकून दुसरीकडे फोडलं, तिथेही नाही. खाली उतरलो, टेकूंच्या मधून तळाला छिन्नी लावली. बोटभर कपची उडाली तोच सळई खणकली. सळईवरची बाबांनी बांधलेली तारेची गाठ मी ओळखतो, बारके. मी तिथेच खाली बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो.

आवाज ऐकून ठेकेदार काठी टेकत आला. माझ्या पायाशी पहार बघितली, पण पळाला नाही. म्हणाला, की ये, तुझीच वाट बघत होतो. इतकी वर्षं त्यालाही वाटत होतं, की मालकाच्या घाईपायी आपणच टेकू लवकर काढला. म्हणूनच कोर्टात तो माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नव्हता. मी त्याला फोडलेली जागा दाखवली. सांगितलं, की टेकू तुम्ही महिनाभर उशिरा काढला असता तरी तो सज्जा पडलाच असता.

त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग काठी उचलली आणि माझ्या डोक्यात घातली. मी खाली पडलो, तरी मारत राहिला. खांद्यावर, पाठीत, गुडघ्यावर. काठी मोडेपर्यंत मारलं. शिव्या देत होता आणि रडत होता. मी हात वर केला नाही. काठी मोडल्यावर त्याला उभं राहता येईना, तेव्हा मीच त्याला धरून घरात नेलं. कानशिलावर टाके पडलेत. आईला पडलो म्हणून सांगितलंय, तिने विश्वास ठेवलेला नाही.

काल त्याने निरोप धाडला. मागचा सज्जा पाडून नवा ओतायचाय आणि तो मी ओतायचा. मी हो म्हटलंय. सळ्या पाठीत बांधीन, पण ओतण्याआधी तू येऊन एकेक बघ. माझ्या हाताला अजून पोटाशीचीच सवय आहे.

मग काँक्रीट पिकलं की शेवटचा टेकू ठेकेदार स्वतः काढणार आहे आणि खाली मी उभा राहणार आहे. त्याने तुझ्यासाठी वेगळा निरोप दिलाय, की ती हो म्हणेपर्यंत मी टेकूला हात लावणार नाही.

तर ये. थोबाडीत माफ केली आहे, लोभ घेऊन ये.

तुझा
दादा